हलू नकोस

ब्रेकच्या दांडीच्या टोकाला वाटाण्याएवढा गोळा होता, त्याचा काळा रंग उडून आतला धातू चमकत होता — किती नवशिक्यांच्या बोटांनी झिजला असेल हा… ती बघतच राहिली, तेव्हा शिकवणारे गुरुजी म्हणाले, "बाई, ब्रेककडे नका बघू. जायचंय तिकडे बघा. गाडी नजरेमागून येते."

तिला हसू आलं. पहिलीच्या वर्गात पाटीवर वाकलेल्या पोरांना ती हेच सांगायची — पेन्सिलीच्या टोकाकडे नको रे, रेघ कुठं न्यायचीय तिकडे बघ. आता बदली झालेल्या शाळेपर्यंत बस जात नव्हती, म्हणून या वयात मोटरसायकलचा वर्ग. सकाळी नवरा म्हणाला होता, "मागे बसता येत नाही धड, आणि निघाली पुढे बसायला." काय बोलणार? खरंच होतं ते.

केशरी शंकूंच्या भोवती डावीकडे सावकाश वळायचं होतं. तिनं हँडल वळवलं, शंकू जवळ आला, जरा जास्तच जवळ आला, आणि उजव्या हाताची बोटं आपसूक आवळली गेली — गाडी घसरली नाही, डुलली नाही, बसलेल्या माणसाखालचा पाट कुणी ओढून घ्यावा तशी डावीकडे आडवी झाली.

तळहात खरचटला. पण ती उठेना. हे पडणं तिच्या ओळखीचं होतं… लाकडाच्या वखारीजवळचं ते वळण, तेही डावीकडचंच, नवरा पुढे, मध्ये लेक, मागे ती. लेकीच्या वेणीची सुटलेली रिबीन खोचायला तिनं हात पुढे केला, एक हातगाडी आडवी आली, आणि अस्सं, अगदी अस्सं — जमीन डाव्या अंगाला येऊन थडकली. लेक रडायच्याही आधी त्याचा आवाज आला होता, "हललीस ना तू?" हलले असेन, ती म्हणाली होती. रिबीन हातातच होती. लेकीचं डावं कोपर तेव्हापासून सरळ होत नाही. पोर मोठी झाली, मान वाकडी करून वेणी घालायला शिकली, आईला तिनं कधी बोल लावला नाही. पाहुण्यांत नुसतं म्हणायची, "आमची आई हलली की इतिहास घडतो," आणि सगळ्यांबरोबर आईही हसायची. तेव्हापासून ती गाडीवर मागे बसताना नवऱ्याचा एकच मंत्र — बस, हलू नकोस. ती लाकडासारखी बसायची.

"लागलं नाही ना? मग छान पडलात," गुरुजी गाडी उभी करत म्हणाले. "आता सांगा, काय केलंत?"

"ब्रेक दाबला. पुढचा."

"आणि हँडल?"

"वळलेलं होतं."

"झालं तर. हळू चालीत, वळलेल्या हँडलवर पुढचा ब्रेक कचकन दाबला की गाडी त्याच अंगाला लोळण घेते. सगळे एकदा करतातच."

"आणि… मागचं माणूस हललं तर?"

"आमची मागे बसली की गाडीच हलत नाही," तिच्या मागे रांगेत उभा असलेला वर्गातला एक प्लंबर म्हणाला. गुरुजी हसले नाहीत. तिच्याकडे क्षणभर बघून ते गाडीवर बसले. "या मागे. आणि हला, पाहिजे तेवढं."

तीच वळणं, तीच चाल. तिनं आधी हात हलवला, मग खांदा, मग चक्क बाजूला झुकली. गाडी डुलली, सावरली, शंकूला वळसा घालून पुढे गेली.

"बघितलंत? डुलते. पाडायला पुढचाच हात लागतो."

पुढचाच हात. तिनं बघितला होता तो. जमिनीवर पडल्या पडल्या, चाक हवेत गरगरत असताना, नवऱ्याची चारही बोटं ब्रेकच्या दांडीवर तशीच आवळलेली, पेरं पांढरी — इतकी वर्षं ते चित्र डोळ्यांपुढे होतं, पहिलीच्या मुलाला अक्षरं दिसतात तसं. दिसत होतं, अर्थ लागत नव्हता. आज लागला… पण त्याला तरी कुठं ठाऊक असेल? घाबरलेला माणूस, तोंडाला आलं ते बोलून गेला असेल. असेल. तिनं हा विचार घट्ट धरला आणि वर्ग सुटल्यावर फाटकाकडे चालू लागली.

नवरा गाडी सुरू ठेवून थांबला होता. तिच्या तळहाताकडे बघून हसला. "पडलीस? वाटलंच. हलली असशील."

"नाही. हँडल वळलेलं होतं आणि मी पुढचा ब्रेक दाबला."

त्याचं हसू लगेच गेलं नाही. कुणाचं तरी उसनं आणल्यासारखं थोडा वेळ तोंडावर राहिलं. मग त्यानं आरसा पुसायला घेतला. आरसा स्वच्छच होता.

"वखारीपाशीही वळणच होतं," ती म्हणाली.

त्यानं आरसा आणखी एकदा पुसला. "बस," एवढंच म्हणाला.

ती बसली, आणि पुढच्या शब्दांची वाट बघत राहिली. ते आले नाहीत. गाडी निघाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो 'हलू नकोस' म्हणाला नव्हता.

फाटकाबाहेर डावीकडे वळण होतं. हात त्याच्या खांद्यावर न ठेवता तिनं मागची दांडी धरली. लेकीला सांगायचं, आजच… पण काय सांगायचं, आणि कुणाबद्दल? वळण आलं. तिचं अंग जुन्या सवयीनं लाकूड झालं होतं, आणि ती त्याच्या खांद्यावरून त्या चार बोटांकडे बघत होती.