एकेचाळिसावं मिनिट

"मावशी, तुम्ही येलो केलेली ती पॅरा, ऑनेस्टली, इट्स गोल्ड," राज फोनवर सांगत होता. "मी ट्रेलर त्याच्यावरच कट केलाय. पाचला लाइव्ह जाईल."

मी कणीक मळत होते, फोन स्पीकरवर होता. कौतुक कोणाला आवडत नाही? "मग, मला कळतं हो थोडंफार," मी म्हटलं.

राज म्हणजे माझ्या इल्फर्डच्या मैत्रिणीचा, मीनलचा मुलगा. लंडनमधल्या एका छोट्या कंपनीत पॉडकास्ट करतो. सध्या त्यांची मालिका चालू होती ती अमेरिकेच्या राजकारणात पडद्यामागे राबणाऱ्या माणसांवर. भाषणं लिहिणारे, सभेत खुर्च्या मांडणारे, पुढाऱ्यांच्या भेटीगाठी ठरवणारे. एकेकाशी तासतासभर गप्पा, आणि त्या ऐकून टाइप करायचं काम माझ्याकडे. त्याआधी तीस वर्षं मी हॉस्पिटलात डॉक्टरांची पत्रं टाइप केली. ते टेपवर बोलायचे, मी पायाखालचं पेडल दाबून टेप पुढेमागे करत टाइप करायचे. रिटायर झाले आणि लगेच स्वतःचं पेडल घेतलं. आम्ही राहतो त्या मिल्टन कीन्समध्ये एवढे राउंडअबाउट, म्हणजे गोल चौक, आहेत की गाडी चालवूनही मी कुठे फारशी पोचत नाही. या पेडलवर मात्र पाय ठेवून मी अर्धी अमेरिका पालथी घातली आहे.

"एक छोटं काम होतं," राज म्हणाला. "डोनाचा जॉबचा एक्झॅक्ट टायटल काय होता, ते कुठे मिळत नाहीये. माइक चेकमध्ये बोलली असेल. मी तुम्हाला रॉ फाइल पाठवतो. तेवढं बघाल का?"

"बघते. लाटायचं राहिलंय, पण बघते."

डोना ही त्या मालिकेतली माझी लाडकी बाई. एकतीस वर्षं तिनं एका खासदाराचं वेळापत्रक सांभाळलं. अमेरिकेत त्याला काँग्रेसमन म्हणतात, पण मला ते ऐकून भलतंच काहीतरी आठवतं, म्हणून मी आपलं खासदारच म्हणते. कोणाला किती मिनिटं भेटायचं, कोणत्या दारानं आत न्यायचं, कोणाला चहा द्यायचा आणि कोणाला नुसतंच पाणी, सगळं ती ठरवायची. तिकडे जाऊन तिच्याशी बोलून आली होती मेगन नावाची मुलगी. ती ऑगस्टपासून बाळंतपणाच्या रजेवर होती.

आता कंपनीचे दोन रिवाज सांगायला हवेत, नाहीतर पुढचं कळायचं नाही. टाइप करताना खोकला, कपबशीचा आवाज, खुर्चीची करकर असलं काही लिहायचं नाही, वाचणाऱ्याला स्वच्छ मजकूर द्यायचा. आणि सुरुवातीची माइक तपासण्याची पाच-सात मिनिटं कापूनच फाइल माझ्याकडे द्यायची. सकाळी काय खाल्लंत, असं काहीतरी विचारून आवाज बघतात, ते कोण ऐकणार?

मी हात धुतले, कानाला हेडफोन लावला आणि पेडल दाबलं. मेगननं विचारलं, काय खाल्लंत? डोना म्हणाली, टोस्ट, थोडा करपलेला. मग तिनं आपल्या हुद्द्याचं नाव सांगितलं. मी लिहून घेतलं आणि पाय उचलणार, तेवढ्यात ती पुढे बोलली. तिचं इंग्रजी मी माझ्या मराठीत सांगते.

"पोरी, एक ठरवून ठेवू. तीस वर्षं मी पत्रकारांशी असंच बोलत आलेय. मी टेबलावर दोनदा टकटक केली की पुढचं फक्त तुझ्यासाठी, छापायचं नाही. परत टकटक केली की पुन्हा सुरू. चालेल?"

"चालेल," मेगन म्हणाली.

मी एकेचाळिसाव्या मिनिटावर गेले. जायची गरज नव्हती खरं तर, कारण मला आठवलं होतं. टक, टक. मग चार मिनिटं डोना बोलते, मग पुन्हा टक, टक. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ते कपाचे आवाज समजून गाळले होते. आणि मधल्या चार मिनिटांवर मीच पिवळी खूण केली होती, कारण अख्ख्या तासात त्याच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं.

काय होतं त्यात, ते विचारू नका. भानगड नव्हती, बाई नव्हती, कोणाच्या खिशात कोणाचा हात नव्हता. एका थकत चाललेल्या म्हाताऱ्याला एका बाईनं शेवटची दोन वर्षं कसं सांभाळून घेतलं, एवढंच. तो म्हातारा अजून जिवंत होता. आणि संध्याकाळी पाचला ते सगळ्या जगाला ऐकू जाणार होतं.

मला स्वतःची इतकी लाज वाटली की मी हेडफोन काढून तशीच बसून राहिले. हॉस्पिटलातल्या तीस वर्षांत कोणाच्या गाठीचं, कोणाच्या गर्भाचं काय काय या कानांनी ऐकलं, ते कधी घरी जेवणाच्या टेबलावर आलं नाही. आणि इथे एका अनोळखी बाईचं गुपित मी पिवळ्या रंगानं रंगवून दिलं होतं.

दुसरीही एक गोष्ट डोक्यात येत होती, तीही लपवत नाही. कंपनीत ऐकून टाइप करणारं सॉफ्टवेअर आणायचं घाटत होतं. यंत्र चुकतं आणि शैलामावशी चुकत नाहीत, या एकाच मुद्द्यावर राजनं माझं काम टिकवून धरलं होतं.

बारा वाजून गेले होते. मी फोन लावला आणि सगळं एका दमात सांगितलं.

राजनं तिकडे कीबोर्ड बडवून काहीतरी शोधलं. मग म्हणाला, "पण तिनं रिलीज फॉर्म साइन केलाय, मावशी. लीगली वी आर फाइन."

"असशील फाइन. 'चालेल' असं कोण म्हणालं? तुमची मेगन ना?"

"मेगन विसरली असणार. बेबी ब्रेन."

"ती विसरली, तू टकटक ऐकलीच नाहीस, आणि मी ती ऐकून सोडून दिली. तिघांत सगळ्यात जास्त चूक कोणाची, सांग बघू."

"मावशी, प्लीज. तुम्ही हे सांगितलं नसतं तर कोणाला कळलंही नसतं. आता मला बॉसला एक्सप्लेन करावं लागेल. आणि तो विचारणार, ट्रान्सक्रिप्ट कोणी केला होता."

"मग माझं नाव सांग. स्पेलिंग नीट सांग, नेहमी एक ए खातात."

तो हसला नाही. पोरगा वाईट नाही हो, पण त्याचा अख्खा भाग त्या चार मिनिटांवर उभा होता. शेवटी त्यानं तोडगा काढला. "आपण डोनाला रिंग करू. आत्ता तिकडे मॉर्निंग आहे. पर्मिशन विचारू. कदाचित ती येस म्हणेल. तुम्हीही लाइनवर या."

आमचे पद्माकर रेडवेवरून, म्हणजे इथल्या सायकलच्या वाटेवरून, फेरी मारून आले ते हेल्मेट न काढताच स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. "पोळ्या?" त्यांनी खुणेनं विचारलं. मी त्यांना खुणेनंच फ्रीजमधला ब्रेड दाखवला.

डोनानं तिसऱ्या रिंगला फोन उचलला. राज इंग्रजीत छान बोलतो. तो म्हणाला, तुमचे ते शब्द फार सुंदर आहेत, त्यात कोणाचा अपमान नाही, उलट ऐकणाऱ्यांना धीरच येईल, तर आम्ही ते वापरू शकतो का?

डोनानं विचारलं, "ते किती जणांनी ऐकलंय?"

"मी आणि आमच्या टाइप करणाऱ्या बाईंनी. त्या लाइनवर आहेत."

"नमस्कार," ती मला म्हणाली. "तुम्हाला काय वाटतं?"

असा प्रश्न मला कामाच्या बाबतीत आजवर कोणी विचारला नव्हता. डॉक्टरांनी नाही, कंपनीनंही नाही. पण उत्तर तयार होतं, ते शोधावं लागलं नाही.

"तुमच्या तासाभरात त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नाही," मी म्हटलं. "पिवळी खूण मीच केली. आणि ते आमचं नाही. टकटक मला ऐकू आली होती. ती मी लिहायला हवी होती. चूक माझी आहे."

पलीकडे ती हसली. "एकतीस वर्षांत माझ्या ऑफिसातल्या कोणी मला या दोन्ही गोष्टी एका वेळी सांगितल्या नाहीत." मग म्हणाली, "नको. वापरू नका."

"शुअर," राज म्हणाला. आवाज पडला होता, पण म्हणाला.

"मी त्यात रडले होते का?" डोनानं अचानक मला विचारलं. "मला आठवत नाही."

"नाही. एकदा थांबला होतात. एकोणीस सेकंद."

"मोजलेत तुम्ही?"

"पेडलवर पाय असला की आकडा समोर दिसतच असतो," मी म्हटलं. ते खरं होतं, पण मी मोजलेही होते.

पाचचा ट्रेलर थांबला आणि डोनाचा भाग दुसऱ्या दिवशी त्या चार मिनिटांशिवाय गेला. ठीकच झाला. खुर्च्या, दारं, चहा आणि पाणी. मजकुरातून मी तो तुकडा असा काढला की तिथे काही होतं याची शंकाही येऊ नये. मग माझ्याकडची फाइलही पुसली. मार्चअखेरीला राजचा फोन आला. बराच वेळ आईच्या गुडघ्याबद्दल बोलला आणि शेवटी म्हणाला की बॉसनं सॉफ्टवेअर घेतलंय. त्याला वाईट वाटत होतं, म्हणून मीच त्याची समजूत घातली. मलाही वाईट वाटलं. दोन दिवस टेबलाखाली पाय पेडल शोधत होता.

पुढे एप्रिलमध्ये एका शनिवारी मी चक्का फेटत होते. दुपारी श्रीखंडपुरीचा बेत होता. पद्माकर टॅब्लेटवर बातम्या वाचत होते.

"अगं शैला, तुझ्या त्या डोनाचा खासदार गेला बघ. केवढं मोठं आलंय." मग ते मोठ्यानं वाचायला लागले. कुठे जन्मला, किती वेळा निवडून आला, कोणते कायदे केले. "आणि हे बघ काय लिहिलंय. शेवटच्या दिवसापर्यंत मतदारसंघातल्या प्रत्येकाला नावानं हाक मारायचे. ऐंशी उलटलेला माणूस. खरं असेल का गं हे? तुला माहीत असणार, तू ऐकलंयस सगळं."

माझा हात थांबला होता. डोना आत्ता कुठे बसली असेल, तिच्याजवळ कोणी असेल का, असं मनात आलं आणि डोळ्यांत पाणी आलं. मी त्यांच्याकडे पाठ केली.

"खरं आहे," ती चार मिनिटं पोटात ठेवून मी म्हटलं. "शेवटच्या दिवसापर्यंत."

"कमाल आहे," ते म्हणाले.

मी चक्क्यावर झाकण घातलं आणि भांडं फ्रीजमध्ये ठेवलं. कुकर काढला, तांदूळ धुतले.

"आज श्रीखंड करणार होतीस ना?"

"आज नको," मी म्हटलं. "आज साधा वरणभात करू."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पण का ते विचारलं नाही. उठून त्यांनी दोन ताटं घेतली.