सोड

मुलांनो, कल्पना करा की तुमच्या हातात एक गरम वाटी आहे. धावावं तर ती निसटेल, थांबावं तर बोटं भाजतील. आता सुवार्तेच्या मागून तिच्याच चालीने चला. ती दहा वर्षांची आहे. फ्रॉकच्या घेरात वाटी धरून ती मिशन कंपाउंडातून चर्चकडे निघाली आहे. दिवस मावळतो आहे, कडुनिंबाखालची धूळ अजून तापलेली आहे, आणि वाटीतल्या खरवसाचा वास तिच्या नाकाशी घोळतो आहे. तिने अजून बोट बुडवलेलं नाही. खरवस बाबांसाठी आहे.

तो नागम्माने दिला होता. नागम्मा शेळ्या राखायची आणि सुवार्तेच्या धाकट्या भावासाठी रोज दूध घालायची.

"शेळी व्याली बघ," ती दारात म्हणाली होती. "पयला चीक देवाच्या माणसाला. अण्णांना दे."

"आमच्या बाबांना?"

"मग! माझ्या ईरप्पासाठी रोज देवाला सांगतेत की ते. तूच सांगितलंस न्हवं?"

सुवार्तेनेच सांगितलं होतं. नागम्माचा नवरा ईरप्पा हिंदुरावाच्या खुनाच्या आरोपावरून तुरुंगात होता. त्या दुष्काळात ज्याच्या हातात टँकरची नळी, तो राजा. आणि नळी हिंदुरावाच्या हातात असायची. ईरप्पाच्या तहानलेल्या शेळ्या त्याने दगड मारून हाकलल्या, तेव्हा ईरप्पा साऱ्या रांगेदेखत ओरडला, "तुला सोडणार न्हाय मी!" त्याच संध्याकाळी हिंदुराव वस्तीमागच्या कोरड्या ओढ्यात डोकं फुटून पडलेला सापडला. रांगेतल्या माणसांनी ऐकलं ते पोलिसांना सांगितलं. खोटं कुणीच बोललं नाही. आता खटला उभा राहायचा होता. फाशी होणार, असं लोक म्हणत. नागम्मासमोर जन्मठेप म्हणत.

आणि तेव्हापासून सुवार्तेचे बाबा, शांतवन, घरची प्रार्थना संपल्यावरही गुडघ्यांवरून उठत नसत. ओठ हलत राहायचे. ऐकू यायचा तो एकच शब्द: "सोड." एवढ्यावरून सुवार्तेने ओळखलं, बाबा ईरप्पामामाला सोडवायला देवाच्या मागे लागलेत. दुसऱ्या दिवशी दूध घेता घेता तिने ते नागम्माला सांगून टाकलं. नागम्मा तिथेच, हातातलं भांडं तसंच धरून, रडली होती.

चर्चचं लोटलेलं दार सुवार्तेने कोपराने ढकललं. शांतवन गिरणीत मागावर कामाला होता आणि पाळी नसेल तेव्हा चर्च झाडायचा. रविवारी मुलांना दहा आज्ञा शिकवणाराही तोच. आत्ता झाडू बाकाला टेकून होता आणि तो पुढे, गुडघ्यांवर. आत कुणी नव्हतं, म्हणून असेल, आज त्याने आवाज दाबला नव्हता.

"प्रभू, हिंदुरावाला मी मारलं. तू बघितलंस. सोड मला. आता तरी सोड."

वाटी भाजत होती. सुवार्तेने हात बदलला नाही.

चाहूल लागून शांतवनने मान वळवली.

"कवा आलीस?"

"नागम्मामावशीने खरवस दिलाय. तुम्ही ईरप्पामामासाठी देवाला सांगता म्हणून."

शांतवनने वाटी घेतली आणि बाकावर ठेवली. मग त्याच बाकावर, वाटीपासून लांब, तो बसला.

"बाळ तापानं फणफणलं होतं," तो म्हणाला. "एक घागर पाणी मागितलं मी. त्यानं घागर लाथाडली. वर म्हणतो, तुमचा येशू पाण्यावर चालतो की रं, जा, त्याच्याकडनं घे. सगळी रांग हसली. संध्याकाळी ओढ्यात एकटाच गाठ पडला. पुन्हा तेच बोलून हसला. दगड हातात कवा आला ते..."

त्याने तळव्याने तोंड पुसलं.

"न्हाय. ठाव हाय मला. मी वाकून उचलला."

कडुनिंबावर पाखरांचा कालवा चालला होता. सुवार्तेने विचारलं, "मग देव काय म्हणला?"

"देव सोडतो, पोरी. मनापासून कबूल केलं की सोडतो. शिकवलंय की मी तुमाला."

"सोडलं का तुम्हाला?"

"सोडलं असंल."

"मग ईरप्पामामाला का न्हाय सोडलं?"

"त्याच्यासाठीबी मागतो मी."

"पण त्यांनी तर काय केलंच न्हाय, बाबा."

रविवारी हीच पोर प्रश्न विचारायची आणि शांतवन हसून तिला खडूचा तुकडा बक्षीस द्यायचा. आज त्याने झाडू उचलला आणि झाडलेलीच जागा पुन्हा झाडू लागला. वाटी सुवार्तेने घरी आणली. काही न विचारता आईने ती फळीवर झाकून ठेवली. तेव्हा सुवार्तेला कळलं, आईला ठाऊक आहे.

सकाळी वेणी घालताना आईचा, सोनाबाईचा, हात नेहमीपेक्षा जड होता.

"कुटं बोलायचं न्हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबा गेले तर चूल कशी पेटंल? बाळाला कोण बघंल? देवानं सोडलंय, ते माणसानं उकरून काढायचं न्हाय."

"आई, लई ओढतीस."

"ओढू दे."

"अक्का, दूध!" बाहेरून हाक आली.

आईचा हात वेणीतच थबकला. सुवार्तेने भांडं नेलं. नागम्माच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं, पण आज तिने पदर नीट घेतला होता, केसांना तेल लावलं होतं.

"तुरुंगात भेटायला चालले," ती म्हणाली. "सांगते त्यांना, धीर धर, अण्णा हायेत तुझ्यामागं. खाल्ला का खरवस अण्णांनी?"

सुवार्तेने आत पाहिलं. वाटी फळीवर होती, तशीच झाकलेली.

"खाल्ला की," आतून सोनाबाई म्हणाली. "लई आवडला."

"बरं झालं, बाई. आता सुटतो बघ माझा माणूस."

नागम्मा निघून गेली. मागच्या दाराच्या उंबऱ्यावर, ओल्या तोंडाने, शांतवन उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. सोनाबाईने त्याच्याकडे पाहिलं नाही. तिने दूध चुलीवर ठेवलं आणि उतू जाईपर्यंत तिच्या ते ध्यानातच आलं नाही.

शांतवनची पाळी दुपारची होती. अशा दिवशी तोच सुवार्तेला शाळेत पोचवायचा. पहिल्या दिवशीही त्यानेच नेलं होतं. फाटकाशी ती त्याचं बोट सोडीना, तेव्हा तो खाली वाकून म्हणाला होता, "तू आत जा. भिऊ नको. मी हितंच उभा हाय." आणि शाळा सुटून ती बाहेर आली, तर खरंच तो तिथे उभा होता, उन्हाने लालबुंद झालेला. त्या दिवशी त्याची पाळी बुडाली होती.

आजही ती त्याचं बोट धरून चालली. रिकाम्या घागरींची रांग लागली होती, पण टँकर अजून आला नव्हता. रांगेतलं कुणीतरी म्हणालं, "शांतवनमास्तर, आमच्यासाठीबी पाणी मागा की देवाकडं!" लोक हसले. शांतवन मान खाली घालून पुढे गेला.

कोपऱ्यावर शाळेचा रस्ता डावीकडे वळत होता. सुवार्ता उजवीकडे वळली.

शांतवनचं बोट तिच्या मुठीत ताठ झालं. त्याने तिला ओढलं नाही. थोडा वेळ तो तिथेच थांबला, मग तिच्या मागून चालू लागला.

पोलीस चौकीच्या पायऱ्यांजवळ एक शिपाई तंबाखू मळत बसला होता. त्याने वर पाहिलं, बापाबरोबर शाळेला निघालेली पोर दिसली, आणि तो पुन्हा तंबाखू मळू लागला.

"आत गेलो तर," शांतवनचा आवाज फाटला, "परत कवा येईन, येईन का न्हाय, काय सांगता यायचं न्हाय, पोरी."

सुवार्तेने दप्तर खांद्यावर वर ओढलं.

"तुम्ही आत जा, बाबा," ती म्हणाली. "मी हितंच उभी हाय."

आणि तिने बोट सोडलं.