सव्वाचारची आंघोळ

रोझलिनच्या लिंगबदल शस्त्रक्रियेचा खर्च द्यायचा, तर माजी सैनिकांच्या कचेरीला साक्षीदार हवा होता. आपण पुरुष नाही हे फौजेत असतानाही तिला छळत होतं, असं पलटणीतल्या कुणीतरी लिहून द्यायचं.

“जे जिवापाड लपवलं, त्याचा साक्षीदार आणा म्हणतात. डोक्यावर पडलेत मेले!” लोटन गावातल्या खानावळीत ती तिच्या जुन्या सार्जंटपुढे, प्रुइटपुढे, करवादली.

प्रुइटनं तोंडातला पेकनच्या गोड पाईचा घास गिळला. “पेन दे.”

“खोटी साक्ष नको हं, सार्जंट. तुम्हाला कुठे काय ठाऊक होतं?”

“अगं बावळट, वाळवंटात अकरा महिने रोज सव्वाचारला न्हाणीघर तुला एकटीला रिकामं मिळायचं. ते कसं?”

“मी बरोबर वेळ हेरून जायचे.”

“डोंबल हेरायचीस! सव्वाचारला मी अख्ख्या पलटणीला वाळूची पोती मोजायला उभं करायचो. रोज. तीच पोती. सतरा जण अजून शिव्या घालतात मला.”

“म्हणजे त्यांना माहीत नव्हतं ना?”

“पहिला आठवडा नव्हतं.” प्रुइट लिहितच राहिला. “मग कळलं. तुला न्हाऊन बाहेर यायला उशीर झाला, की ती गाढवं मुद्दाम आकडा चुकायची आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायची.”