एकतिसाव्या पानावरचा मासा

माझ्या वाचनालयात अर्धनग्न चेटकिणींच्या जुन्या भयकादंबऱ्यांचं एक कपाट आहे. वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी जाऊ नये म्हणून वाचक एकतिसाव्या पानावर आपापली बारीक खूण करतात. कुणी आंबटशौकीन मात्र या कपाटातल्या प्रत्येक पुस्तकात त्या पानावर पेन्सिलीने पानभर मासा काढायचा. माझं डोकं फिरलं. रविवारी खोडरबर घेऊन बसलो आणि सगळे मासे पुसले.

दुपारी मी जेवायला गेलो की सासूबाई वाचनालय सांभाळतात. "ही घाण जाळून टाका, जावईबापू!" हे त्यांचं रोजचंच. काल परतलो, तर त्या कपाटापुढे उभ्या राहून एकेक कादंबरी उघडत होत्या, थेट एकतिसाव्या पानावर.

मला पाहताच कडाडल्या, "माझे मासे कुठल्या मेल्याने पुसले? आता सगळ्या पुन्हा वाचाव्या लागणार!"