इस्त्री करताना अहोंशी

सूनबाईनं केली ती चोरीच, तिला उगाच गोड नाव द्यायला नको. सासरे गेल्यापासून सासूबाई रोज सकाळी इस्त्री करता करता त्यांच्याशी बोलायच्या. गुडघा कुरकुरतोय, शेजारी नवे आलेत, थोरल्या जावेनं परत नाक मुरडलं, सगळं साग्रसंगीत. आणि सूनबाईनं कपाटातल्या चादरींमागे फोन ठेवून महिनाभर ते बोलणं गुपचूप रेकॉर्ड केलं होतं.

दोन वर्षं उंबरे झिजवल्यावर तिला तिची कला मांडायला एका आर्ट गॅलरीत एक खोली मिळाली होती. तिथं तिनं मांडलं होतं इस्त्रीचं टेबल, त्यावर पुरुषाचा अर्धवट इस्त्री केलेला शर्ट, आणि सोबत हा आवाज. नुसतं टेबल बघायला कोण येतंय? सगळा जीव त्या आवाजातच होता. ऐकून गॅलरीचा व्यवस्थापकसुद्धा डोळे पुसत बाहेर गेला. परवानगीचं त्यानं विचारलं नाही, हिनं सांगितलं नाही.

आज विचारीन, उद्या विचारीन करता करता उद्घाटनाची सकाळ उजाडली. न्याहारीची ताटली तिनं बाजूला सारली. नवरा म्हणाला, आई कुठं येणार आहे बघायला, तिला कळणार कसं? ते ऐकून तर हिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण आईंना तिनं बोलावलंच नव्हतं.

ती उठली आणि सासूबाईंसमोर फोन ठेवला. त्यांनी इस्त्रीचं बटण बंद केलं, खुर्ची ओढली आणि वीस मिनिटं सगळं ऐकलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"आई, मी न विचारता केलं हे," ती म्हणाली. "तुम्ही नको म्हणालात तर आवाज काढून टाकते. आज नुसतं टेबल राहील. चालेल मला."

चालणार काय, डोंबल! पण म्हणाली खरी, आणि म्हटल्यावर छातीवरचा धोंडा निम्मा उतरला.

सासूबाईंनी विचारलं, "पहिल्या मंगळवारचं शेवटपर्यंत ऐकलंस का?"

ऐकलं नव्हतं. इस्त्री आपटून ठेवल्याचा आवाज आला की बोलणं संपलं, असं धरून ती रोज तिथंच कात्री लावायची. तिनं मूळ रेकॉर्डिंग शोधून लावलं. इस्त्री आपटली. जरा वेळ काहीच नाही. मग अगदी फोनजवळून आवाज आला:

"अहो, सूनबाईनं चादरींमागे फोन ठेवलाय. राहू दे. विचारेल ती. उशिरा विचारेल, पण विचारेल."

सूनबाईला हसू आणि रडू एकदमच फुटलं. म्हणजे महिनाभर यांना ठाऊक होतं, आणि तरी त्या बोलत राहिल्या होत्या.

"गुडघे गेलेत माझे, डोळे नाही," सासूबाई म्हणाल्या. "महिना वाट बघायला लावलीस. राग आला होता मला." मग म्हणाल्या, "वाजव खुशाल. जावेचं तेवढं काढ, ते मला फोन दिसायच्या आधीचं आहे."

सूनबाईनं जावेचं काढलं, आणि त्या जागी मंगळवारचा तो शेवट जोडला. निघायचं किती वाजता, हे सासूबाईंनी स्वतःच विचारलं. मग सुनेचे उद्घाटनाला घालायचे कपडे टेबलावर पसरून त्यांनी इस्त्री पुन्हा चालू केली.

"आणि यापुढे फोन समोरच ठेवत जा," त्या म्हणाल्या. "चादरींमागून माझा आवाज घोगरा येतो."