टेबलाखालची लिफ्ट

ओठ जुळत नव्हते. शब्द संपून नुसती वाद्यं सुरू झाली तरी पडद्यावरची पोरगी आपली गातेच आहे, आणि गाणं ऐन भरात आलं की हिचं तोंड बंद. मी क्लिप थोडी मागे नेली, थोडी पुढे नेली. काही उपयोग झाला नाही.

"तुला जमत नाहीये," मागून आमचा दिग्दर्शक म्हणाला.

"मला? ये, इथे बस आणि तूच जमव."

तो बसला नाही. त्याला बसणं माहीतच नाही. अख्खा वर्ग त्याला 'सावकाश' म्हणतो, कारण जन्मात त्यानं एकही गोष्ट सावकाश केलेली नाही. गाणं त्याचंच होतं. एक लहान मुलगी जेवणाच्या टेबलाखाली आपलं जग थाटते, असं काहीतरी. चाल चांगली होती, हे मी त्याच्या तोंडावर कधी बोलले नाही. व्हिडिओ उद्या सकाळी द्यायचा होता. शेवटच्या वर्षाचं काम. ते नाही दिलं तर दिग्दर्शक, कॅमेरावाला लांबू आणि संकलन करणारी मी, तिघांचंही वर्ष पाण्यात.

घोळ काय झाला होता ते मला कळून चुकलं होतं. पोरगी संथ, तरंगल्यासारखी हलायला हवी पण ओठ गाण्याबरोबर चालायला हवेत, तर शूटिंगच्या वेळी गाणं दुप्पट वेगानं वाजवतात, पोरीनं तसंच भराभर गायचं, आणि कॅमेराही दुपटीनं चालवायचा. पुढे संकलनात सगळं संथ केलं की ओठ मूळ गाण्यावर येऊन बसतात. शूटिंगच्या दिवशी सकाळी हे छान झालं. पण दुप्पट वेगातलं गाणं डास गुणगुणल्यासारखं ऐकू येतं, आणि आमच्या नायिकेला, म्हणजे माझ्या सख्ख्या भाचीला, हसू आवरेना. शेवटी दुपारी, टेबलाखालच्या शॉट्सना, वैतागून सावकाशनं गाणं साध्या वेगावर आणलं. कॅमेरा मात्र दुपटीवरच राहिला. आता संथ केलं की ओठ मागे पडतात, आणि खऱ्या वेगावर आणलं की तरंगणं जातं.

"मला वाटलं, तू कॅमेराही साध्या वेगावर आणलास," सावकाश लांबूला म्हणाला.

"मला वाटलं, कॅमेरा बदलायचा असता तर तू सांगितलं असतंस," लांबू म्हणाला.

एकाला वाटलं दुसऱ्यानं मीठ घातलं, दुसऱ्याला वाटलं पहिल्यानं. टेबलाखालचं सगळं चित्रण वाया गेलं होतं, आणि टेबलाखालचं चित्रण म्हणजेच आमचा व्हिडिओ.

"पुन्हा शूट करू. आत्ता. तुझ्या ताईला फोन लाव," सावकाश म्हणाला.

"शूटिंगनंतर भिंगरीचे पुढचे दोन्ही दात पडलेत. एका कडव्यात दात आहेत आणि दुसऱ्यात नाहीत, चालेल?"

भाचीला आम्ही भिंगरी म्हणतो. एका जागी ठरत नाही म्हणून. सावकाशनं कपाळावर हात मारून घेतला. मला त्याची दया आली नाही. शूटिंगच्या आदल्या आठवड्यात त्यानं माझं डोकं खाल्लं होतं. त्याला टेबलाखाली समुद्र हवा होता. निळ्या चादरी, पुठ्ठ्याचा चंद्र, दोरीला टांगलेले मासे. "प्रेक्षकाला कल्पना दिसली पाहिजे," हे त्याचं पालुपद. मी म्हणत होते की पोराला पुठ्ठा दिसत नाही, चंद्र दिसतो. आपण पुठ्ठा दाखवला की प्रेक्षकाला पुठ्ठाच दिसणार. वाद भिंगरीनंच मिटवला. चादरी, मासे सगळं बाहेर ढकललं, खडूनं टेबलाच्या पायावर गोल गोल बटणं काढली आणि म्हणाली, "ही लिफ्ट आहे. लिफ्टमध्ये समुद्र नसतो."

"अजून काय काय आहे तुझ्याकडे?" मी लांबूला विचारलं.

"दिवे हलवत होतो तेव्हाचं आहे. मी कॅमेरा बंद करत नाही. पोरांना 'मघाशी केलंस तेच कर' म्हणता येत नाही. आवाज मात्र नाही हं, या वेगात कॅमेरा आवाज घेतच नाही."

त्यानं फाइल उघडली, आणि आम्ही तिघंही पडद्याकडे झुकलो.

भिंगरी टेबलाखाली मांडी घालून बसलेली. गाणं नाही, सूचना नाहीत, आपण दिसतोय हे तिच्या गावीही नाही. एका हातानं तिनं बटण दाबलं. दुसरा हात तिनं असा वाकवून धरला होता की त्यात काहीतरी आहे आणि ते जड आहे, हे दिसत होतं. तिनं त्या रिकाम्या हाताकडे खाली पाहिलं, काहीतरी बोलली, मग वर पाहिलं, लिफ्टमध्ये मजल्यांचे आकडे बघतात तसं. परत खाली पाहून हसली. मी किती नट पाहिलेत शिकताना, नसलेल्या वस्तूला असं वजन देणं एकालाही जमलेलं नाही.

"हा! हाच शॉट!" सावकाश ओरडला. "ओठ गेले खड्ड्यात. गाताना दाखवायचंच नाही तिला. हा शेवटच्या कडव्यावर टाक, अख्खाच्या अख्खा. चेहरा जवळ घे. बास, जिंकलो!"

तो गाण्याचं मिक्सिंग आटपायला धावला आणि जाताना लांबूलाही ओढून घेऊन गेला. मी एकटी उरले. खरं सांगते, मलाही आनंदच झाला होता. वर्ष वाचलं होतं.

मग मी ती क्लिप खऱ्या वेगावर आणून पाहिली. महिनोन्‌महिने ओठ जुळवण्यात घालवले की आवाजाशिवायही ओठ वाचता येतात. हा गुण आहे की रोग, देव जाणे. पहिल्यांदा मला फक्त "थांब" कळलं. परत पाहिलं. "थांब, आपला मजला नाही आला अजून." परत पाहिलं. "रडू नको बाळा. ताई आहे ना."



भिंगरीला कोणी ताई म्हणणारं नाही. असणार होतं. गेल्या वर्षी माझी ताई भरल्या दिवसांची दवाखान्यात गेली आणि रिकाम्या हातांनी घरी आली. मुलगा होता. त्या दिवसापासून घरात तो विषय नाही. खोलीतला पाळणा मेव्हण्यांनी कुणाला तरी देऊन टाकला, ताई कामावर रुजू झाली, आणि आम्ही सगळे त्या विषयाला वळसा घालून चालायला शिकलो. भिंगरीला एवढंच सांगितलं होतं की बाळ येणार नाही. तिनं बरं म्हटलं आणि खेळायला गेली. पोरांना काय कळतं, असं आम्ही एकमेकांना सांगितलं. मी तर सगळ्यात मोठ्यांदा सांगितलं.

आणि उद्या परीक्षकांसमोर व्हिडिओ दाखवतील तेव्हा ताई पहिल्या रांगेत बसणार होती. मोठ्या पडद्यावर, संथ वेगात. ओठ वाचता येणारी मी एकटीच आहे असं थोडंच आहे? ती पोरीची आई आहे.

शॉट टाकावा तर हे. न टाकावा तर वर्ष बुडणार, माझ्या एकटीचं नाही, तिघांचं.  सावकाशचा निरोप आला, "टाकलास का?"  लॅपटॉप पिशवीत घातला आणि ताईचं घर गाठलं.

दार ताईनंच उघडलं. हातात ओला फडका. "झालं का गं तुमचं? की अजून भांडताय?"

"दोन्ही चाललंय. भिंगरी कुठाय?"

"कुठे असणार? टेबलाखाली." आणि ती स्वयंपाकघरात परत गेली. भांडी पुसल्याचा आवाज येऊ लागला.

मी वाकून टेबलाखाली शिरले. डोकं आपटलं.

"मावशी, दार उघडल्याशिवाय आत यायचं नसतं," भिंगरी म्हणाली.

मी बाहेर जाऊन दार उघडून परत आत आले. लॅपटॉप मांडीवर घेतला. काय बोलायचं ते वाटेत दहा वेळा घोळवलं होतं, त्यातलं एक अक्षर आठवेना. मी सरळ क्लिप लावली. तिनं पाहिली. पापणीसुद्धा हलवली नाही.

"हे तू कुणाला दाखवणार?" तिनं हळू आवाजात विचारलं.

"खूप लोकांना. तू नको म्हणालीस तर कुणालाच नाही." हे तोंडातून गेलं आणि मग मला तिघांचं वर्ष आठवलं.

तिनं विचार केला. जीभ दातांच्या फटीतून आतबाहेर चालली होती. "मला दाखव. त्याला नको दाखवूस."

"तो... तो कुठे दिसतोय त्यात?"

तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जशा वर्गात बाई 'ढ' विद्यार्थ्याकडे पाहतात. मग आम्ही कामाला लागलो. आयुष्यात मी असं संकलन केलेलं नाही. मी क्लिप पुढे सरकवायची, ती बोट ठेवायची. इथे आहे. इथे पण आहे. इथे नाही, इथे फक्त माझा हात आहे, चालेल. बटणं चालतील. इथे तो माझ्या मागे झोपलाय, पाय दिसतोय बघ, हे नको. मी मुकाट्यानं कापत गेले. तिचा चेहरा जिथे जिथे सुंदर होता, तिथे तिथे तो होता. शेवटी उरलं ते खडूचं बटण, दाबणारं बोट, आणि फरशीवरची तिची पावलं.

"आईला नाही ना सांगणार?" तिनं विचारलं.

भांड्यांचा आवाज केव्हाच थांबलेला होता, आणि हे मला तेव्हा कळलं. टेबलाच्या कडेखाली ताईची पावलं दिसत होती.

"काय नाही सांगणार?" ताईनं विचारलं आणि वाकली. "कोण दिसतंय त्यात? मघापासून ऐकतेय, इथे आहे, इथे नाही. कोण?"

भिंगरीनं दोन्ही तळहात पडद्यावर दाबून धरले. मी लॅपटॉप मिटवू शकले असते. काहीतरी थाप मारू शकले असते, थापा मारण्यात मी कुणाला हार जाणारी नाही. पण मी दोन्हींतलं काही केलं नाही. ताईनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग पोरीच्या पडद्यावर दाबलेल्या तळहातांकडे. ती हळूच फरशीवर बसली.

"मला बघू दे," ती म्हणाली.

"नको. तू रडशील," भिंगरी म्हणाली. "तू रडलीस की तो घाबरतो. म्हणून तर तुला नाही सांगितलं."

मला वाटलं आता ताई कोसळणार. तिनं ओठ आत घेतले, फडक्याची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली.

"नाही रडणार," ती म्हणाली. आवाज अगदी साधा, दूधवाल्याशी बोलावा तसा. "दाखव."

भिंगरीनं बराच वेळ तिला निरखलं. मग तळहात काढले. मी मूळ क्लिप लावली, न कापलेली. ताई सरकत सरकत टेबलाखाली आली. तिघींनी पाहिली. पोरीनं पडद्यावर बोट टेकवलं, आपल्या वाकवलेल्या हाताच्या आतल्या रिकाम्या जागेवर. "हा."

ताई त्या जागेकडे बघत राहिली. मी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"मोठा झाला गं," ती म्हणाली.

"हो. पण अजून जिने चढता येत नाहीत त्याला," भिंगरी म्हणाली. "म्हणून लिफ्ट केली."

माझ्या पिशवीतला फोन वाजायला लागला. सावकाश. मी उचलला आणि तो सुरूच झाला. मी कुठे आहे, शॉट कुठे आहे, त्याशिवाय व्हिडिओ मेला, हे मला कळतंय का, परीक्षक काय आपले काका आहेत का. मी म्हटलं, "तो शॉट मिळणार नाही. हात आहेत, पावलं आहेत, बटणं आहेत. त्यावर करते." तो इतका ओरडला की टेबलाखाली सगळ्यांना ऐकू गेलं. "का नाही मिळणार? एकटी पोरगी तर आहे फ्रेममध्ये! कुणाची परवानगी हवी आहे?"

ताईनं माझ्या हातातून फोन घेतला.

"मी तिची आई बोलतेय," ती म्हणाली. "त्या शॉटमध्ये माझी दोन्ही मुलं आहेत. तो मी देणार नाही."