खुशीच्या डोक्यातल्या उवा

शाळेतून निरोप आला तेव्हा मंगरू तलावाच्या पाळीवर बसून जाळ्यात अडकलेलं शेवाळ काढत होता. टीना मॅडमनी बोलावलं होतं. शाळेचं बोलावणं आणि चांगली बातमी यांची त्याच्या आयुष्यात कधी भेट झाली नव्हती. तो तसाच ओल्या लुंगीनिशी गेला.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. तिसरीच्या मुलींच्या डोक्यात उवा झाल्या होत्या. मॅडमनी उवांवर एक अख्खा तास घेतला, आयांना बोलावून सांगितलं, आणि पंधरा दिवसांत सगळ्यांची डोकी स्वच्छ झाली. राहिली एकटी त्याची खुशी. खाजवून खाजवून तिच्या मानेवर फोड आले होते, त्यातून पाणी येत होतं, कानामागे गाठी सुजल्या होत्या. तिच्याजवळ कोणी बसेना. पोरी काही दुष्ट नसतात, पण घरून बजावलेलं असतं. ती मागच्या भिंतीला टेकून एकटीच बसते, हे सांगताना मॅडम खिडकीबाहेर पाहत राहिल्या. खुशीच्या आईला जाऊन चार महिने झाले होते, हे त्यांना ठाऊक होतं.

मंगरूला हे नवीन होतं असं नाही. त्याची मोठी बहीण सखाबाई त्याच गावात दिलेली. तिने महिनाभर आधीच खुशीचं डोकं पाहून कपाळाला हात लावला होता. दुपारच्या उन्हात बाया एकीमागे एक बसून एकमेकींची डोकी पाहतात, त्या रांगेत तिने खुशीला दोनदा ओढून बसवलं. पहिल्यांदा पोरगी पळाली. दुसऱ्यांदा आत्याच्या मनगटाला कडकडून चावली. सखाबाईने पुन्हा तिचं नाव काढलं नाही. आणि मंगरू? मंगरूने कानाडोळा केला. छप्पर शाकारावं, डोंगा दुरुस्त करावा, ही बापाची कामं. पोरीच्या वेण्या म्हणजे बायकांचं खातं. असल्या समजुतीपायी पोरीची मान सडायची वेळ आली, तेव्हा गड्याचे डोळे उघडले.

शनिवारी तो अड्याळला गेला. मेडिकलवाल्याकडून उवांचं औषध घेतलं, बाजारातून बारीक दातांची नवी फणी घेतली. घरातली फणी त्याच्या बायकोच्या, धुरपताच्या, बाकीच्या सामानासोबत दहाव्याला वैनगंगेत गेली होती.

रविवारी दुपारी त्याने अंगणात पोतं अंथरलं, त्यावर पांढरं कापड पसरलं आणि खुशीला हाक मारली. बाटली पाहून ती दाराच्या चौकटीला बिलगली. त्याने समजावलं, खाऊचं आमिष दाखवलं, शेवटी आवाज चढवून म्हणाला की बसत नसशील तर भुपेंद्र न्हाव्याकडे नेऊन गोटा करून आणतो. तो बोलला आणि त्याला स्वतःलाच वाईट वाटलं. पोरगी मात्र मुकाट येऊन बसली. दोन्ही हात मांडीवर, मान खाली. रडत होती, पण आवाज नव्हता.

औषध लावून झालं, धुऊन झालं. मग त्याने ओल्या केसांच्या बारीक बारीक बटा केल्या आणि मुळापासून टोकापर्यंत फणी ओढायला घेतली. ज्या माणसाचा जन्म जाळ्याच्या गाठी सोडवण्यात गेला, त्याच्या बोटांना घाई ठाऊक नसते. फोड आला की फणी उचलायची, बोटाने केस बाजूला घ्यायचे, पुन्हा टेकवायची. कापडावर काळे ठिपके पडू लागले. काही अजून वळवळत होत्या, त्या त्याने नखावर घेऊन मारल्या. लिखा तर एकेक केस धरून ओढल्या. ऊन अंगणाच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गेलं. चार महिन्यांत पहिल्यांदाच त्याला वाटत होतं की आपल्या हातून काहीतरी धड होतंय. धुरपता असती तर हसली असती, असंही त्याच्या मनात आलं.

"झालं," तो कापड उचलत म्हणाला. "आता एकबी नाही राहिली."

खुशीने मान वळवून कापडाकडे पाहिलं. "सप्पा मेल्या?"

"सप्पा."

ती त्या ठिपक्यांवर वाकली. मग म्हणाली, "त्या आईच्या होत्या."

मंगरूला काही कळलं नाही. पोरगी खाली पाहतच बोलत होती. "मॅडमनं सांगितलं, उवा उडत नाही, कुदत नाही. डोक्याले डोकं लागलं तरच येतात. मी तं आईजवळच झोपत होती, तिच्या उशीवर. मंग आईच्याच होत्या ना, बाबा? तुमी तिचं सप्पा नदीत टाकून देल्लं. येवढंच राहिलं होतं."

मंगरूच्या हातातलं कापड तसंच राहिलं. तिचं खरं होतं. गोधडी, उशी, लुगडी, कुंकवाची डबी, चपला, सगळं त्याने स्वतःच्या हाताने पाण्यात सोडलं होतं. गेलेल्या बाईची वस्तू घरात राहिली तर तिचा जीव अडकतो, पोरीच्या मागे लागतो, असं चार म्हाताऱ्यांनी सांगितलं आणि तो घाबरला. खुशीसाठीच घाबरला. मागे उरला होता आधार कार्डावरचा फोटो, आणि तो कोणाचाच वाटत नाही. त्याला सांगायचं होतं की पोरी, मला माफ कर. ऊ किती दिवस जगते, चार महिन्यांमागची ऊ आज असते का, हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तरी तो बोलला नसता.

"खुशे," तो एवढंच म्हणाला.

ती सरकली आणि पुन्हा त्याच्याकडे पाठ करून बसली. "आणखीन एकदा पाहा ना, बाबा. एखादी राहिली असन."

त्याने कापड झटकलं, पुन्हा पसरलं. पुन्हा बटा केल्या. कानामागून, मानेवरून, टाळूवरून, पहिल्यापासून शेवटपर्यंत फणी ओढली. दर वेळी खुशी मागे वळून कापडाकडे पाहायची आणि दर वेळी तोही पाहायचा. तासाभरापूर्वी एकही राहू नये म्हणून जिवाचं रान करणारा बाप आता एखादी तरी निघावी म्हणून देवाला हात जोडत होता. सखाबाई कुंपणापाशी येऊन उभी राहिली आणि परत गेली. उजेड कमी झाला तशी त्याने खुशीला दारातल्या बल्बखाली बसवलं आणि तिसऱ्यांदा सुरुवात केली.

कापड पांढरंच राहिलं.